किती पावसाळे पाहिले?

आज रथसप्तमी. अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध तापेल आणि एरवी उतू गेले म्हणून चुकचुकणाऱ्या घरात आज ते मुद्दाम उतू जाऊ दिले जाईल. पाटावर सात घोड्यांचा रथ रेखला जाईल. सूर्याच्या या सणाला एका पदार्थाची दखल घ्यायला हवी. गेली दहा-बारा वर्षे तो विक्रमांच्या बातम्यांत आहे, पण आपल्या छपरांवर अजून पोचलेला नाही.

त्याचे नाव पेरोव्स्काइट. मूळचे हे एका खनिजाचे नाव. १८३९ मध्ये गुस्ताव रोझ यांनी उरल पर्वतातल्या नमुन्यात ते ओळखले आणि लेव्ह पेरोव्स्की या रशियन गृहस्थांचे नाव त्याला दिले. सौरघटातला पदार्थ वेगळा, स्फटिकाची ठेवण तेवढी तीच. २००९ मध्ये जपानच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने त्याचा पहिला सौरघट केला. कार्यक्षमता ३.८ टक्के आणि आयुष्य मिनिटांचे, कारण घटातल्या द्रवातच तो विरघळे. २०१२ मध्ये कोरियात नाम-ग्यू पार्क यांनी आणि ऑक्सफर्डला हेन्री स्नेथ यांनी द्रवाला रजा देऊन घन थर वापरला, तेव्हा आकडा दहाच्या घरात गेला. आज प्रयोगशाळेत तो २६ टक्क्यांच्या पुढे आहे. १९५४ मध्ये सहा टक्क्यांवर सुरू झालेल्या सिलिकॉनला इथवर यायला साठेक वर्षे लागली.

पेरोव्स्काइटचा थर करतात कसा, हे पाहण्यासारखे आहे. काचेवर द्रावणाचे थेंब टाकायचे, काच गरगर फिरवायची आणि हॉटप्लेटवर ठेवायची. उष्णता इडल्या वाफवायला लागते तेवढीच, शंभरेक अंश. फिकट थर डोळ्यांदेखत काळसर होतो. त्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, तरी ऊन शोषायला तेवढी पुरते. सिलिकॉन वितळवायलाच चौदाशे अंशांच्या वर जावे लागते. स्वस्ताईची सारी आशा या फरकात आहे.

आणि सारी अडचणही तिथेच. जे इतक्या सहज जमते, ते तितक्याच सहज मोडते. हा पदार्थ जातीने मीठच. कोकणात आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. दमट हवा लागली की तो काळा थर पुन्हा पिवळा पडतो. हा पिवळेपणा मागे उरलेल्या शिशाच्या आयोडाइडचा. उष्णतेने त्यातला मिथिलअमोनियम हा घटक उडून जातो. उन्हात आतले आयन जागा सोडून हिंडू लागतात. म्हणून संशोधकांनी मिथिलअमोनियमच्या जागी फॉर्मामिडिनियम आणि सीझियम आणले, स्फटिकांच्या सांध्यांवर रेणूंचा गिलावा चढवला, काचेच्या कडा चिकट पट्टीने बंद केल्या. या गिलाव्यानेच कार्यक्षमताही वाढली, कारण सांध्यांतली जी भगदाडे वीज गिळतात, तीच झिजेचीही दारे असतात.

विक्रम आता जोडघटांचे आहेत. खाली सिलिकॉन, वर पेरोव्स्काइट. निळसर प्रकाश वरच्याने घ्यायचा, तांबूस खालच्याने. एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या लाँगी कंपनीने ३४.८५ टक्के गाठले. आयआयटी मुंबईत प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटाचा जोडघटही तिशीच्या आसपास पोचला आहे. कौतुक व्हायलाच हवे. पण हे आकडे नखाएवढ्या तुकड्यांचे असतात. २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने विक्रीला पाठवलेल्या मोठ्या पॅनलची कार्यक्षमता २४.५ टक्के होती.

टिकाऊपणाची नेहमीची परीक्षा ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तासांची. हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस. परीक्षा मुद्दाम कडक ठेवलेली असते, हे मान्य. पण ती बेतली सिलिकॉनसाठी, आणि घेतात अंधारात. पेरोव्स्काइटला छळते ते ऊन आणि उष्मा एकत्र आल्यावर, शिवाय रोजच्या दिवस-रात्रीच्या आवर्तनाने. आमच्याकडे चंद्रपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै एकाच राज्यात मिळतात. याहून चोख परीक्षागृह कुठे शोधायचे? दोन्हीकडे चार-चार छपरे घ्यावीत, पॅनल बसवावेत आणि दर दसऱ्याला किती वीज उरली ते जाहीर करावे. खर्च फार नाही. घाई तेवढी आवरावी लागेल.

कारण सौरपंप घेणारा शेतकरी टक्के विचारत नाही, किती वर्षे चालेल ते विचारतो. सिलिकॉनवाला पंचवीस वर्षांची हमी लिहून देतो. नव्याने निदान त्याच्या जवळपास यावे. शिवाय यात शिसे आहे, पाण्यात थोडेफार विरघळणारे. गारपिटीत तडकलेला पॅनल विहिरीच्या काठावर पडून राहिला तर तो उचलायचा कोणी, हे हमीच्याच कागदावर लिहिलेले हवे, आणि तेही विक्रीच्या वेळी.