गाडी बंद पडली, तर दोरी नको!

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात नाशिकहून परतताना कसारा घाटाच्या उतारावरच आमची गाडी बंद पडली. पाऊस मी म्हणत होता, मागच्या सीटवर सासूबाई आणि सहा वर्षांची नात. एक ट्रकवाला थांबला. भला माणूस हो! म्हणाला, “दोरी बांधतो, खाली कसाऱ्यापर्यंत सोडतो.” आमच्या ह्यांनी तर बाह्याही सरसावल्या. मी मात्र आडवी आले.

का ते सांगते. इंजिन बंद असलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, स्टिअरिंगही जड होतं. किल्ली काढून ठेवलीत तर ते लॉकच होतं! अशी गाडी उतारावर ट्रकच्या पाठीला बांधायची आणि आत माणसं बसवायची? नको गं बाई. ह्यांचा चेहरा पडला, पण राहू दे.

आधी चारही इंडिकेटर एकदम लावले. डिकीतला लाल त्रिकोण ह्यांनी मागे निदान ५० पावलांवर, वळणाच्या अलीकडे ठेवला, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधीच दिसतो. आणि सासूबाई कितीही कुरकुरल्या तरी सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडच्या सपाट जागेत, गाडीपासून लांब उभं केलं. छत्र्या होत्या म्हणून बरं. बंद गाडीत बसून राहणं किंवा तिच्या मागे उभं राहणं, दोन्ही जिवावरचं.

मग फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. कुणाला लागलं असेल तर ११२. विम्याबरोबर रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतली असेल, तर तिचा नंबर पॉलिसीत असतो. पण ती पॉलिसी घरच्या कपाटात ठेवून काय उपयोग? मी आता तो नंबर तांदळाच्या डब्याच्या झाकणावरही चिकटवलाय, हसू नका!

टोइंगवाल्याला गाडीचं मॉडेल आणि ती ऑटोमॅटिक आहे का, हे आधीच सांगा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं इंजिनवर फिरतात, म्हणून तीच उचलायला हवीत. ऑटोमॅटिकची ही चाकं रस्त्यावर घासत नेली तर गिअरबॉक्सची वाट लागते. विजेवरची गाडी किंवा चारही चाकं चालवणारी असेल, तर सरळ ट्रकच्या सपाट पाठीवर चढवूनच न्यायला सांगा.

पैसे किती, किलोमीटरमागे की एकरकमी, टोल कुणाचा, हे गाडी उचलण्याआधी ठरवा. आम्ही घाईत विचारलं नाही आणि खाली उतरल्यावर आकडा फुगला. चहूबाजूंनी फोटो काढा, पर्स-दागिने-कागद काढून घ्या, पावती मागा. “माझ्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नेतो,” म्हणाला तर मान डोलावू नका. कुठे न्यायचं ते तुम्ही सांगा.

आणि हो, गाडी ओढायचा लोखंडी हूक बऱ्याच गाड्यांत डिकीतल्या हत्यारांबरोबर सुटा असतो. आमचा सापडला शेवटी, सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीखाली. आजच आपला कुठे आहे, ते बघून ठेवा.