सेवा संस्थेची कीर्द आणि संगणकाची प्रणाली

बियाणे निवडताना शेतकरी प्रथम आपली जमीन व पाणी पाहतो. गावची सेवा सहकारी संस्था संगणकाची हिशेबप्रणाली स्वीकारते, त्या वेळी मात्र हा विवेक बहुधा मागे पडतो व तीत विभाग किती आहेत एवढेच पाहिले जाते.

प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. ६३,००० संस्था व २,५१६ कोटी रुपये असा तो आराखडा होता. देशभर एकच प्रणाली आणि राज्याच्या गरजेप्रमाणे तीत फेरफारास वाव, हे धोरण योग्यच होय. परंतु राज्याची गरज म्हणजे प्रत्येक गावाची गरज नव्हे. केवळ पीककर्ज वाटणाऱ्या संस्थेस कर्जमर्यादा पत्रक, भागभांडवलाची कपात, व्याज आणि वसुली बिनचूक झाली की पुरे. खतविक्री वा गोदाम चालविणाऱ्या संस्थेस साठ्याचा हिशेबही त्याच कीर्दीस जोडलेला हवा. अनुदानित खताची विक्री २०१८ पासून पॉस यंत्रावर नोंदवावी लागते. तीच नोंद प्रणालीत पुन्हा हाताने करावी लागत असेल, तर दोन्हींतील साठा जुळेनासा होतो आणि लेखापरीक्षणाच्या वेळी सचिवास उत्तर सुचत नाही.

सर्वांत नाजूक जागा वसुलीची. केंद्राच्या व्याजसवलत योजनेत पीककर्ज ७ टक्के दराने मिळते व मुदतीत फेडणाऱ्यास त्यात ३ टक्के सूट असते. सभासदाने अखेरच्या दिवशी भरलेली रक्कम वीज नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी यंत्रात चढली आणि प्रणालीने पावतीची तारीख सोडून नोंदीची तारीख धरली, तर वर्षभराच्या एक लाखाच्या कर्जामागे त्याचे निदान ३,००० रुपये बुडतात. प्रणाली दाखविणाऱ्यास पहिला प्रश्न हाच विचारावा. रंगीत आलेख मागाहून पाहता येतील.

सभासदांकडील येणे आणि जिल्हा बँकेचे देणे यांतील अनिष्ट तफावत यंत्र मिटवीत नाही, फार तर लवकर दाखविते. म्हणून जुन्या बाक्या चढविण्यापूर्वी प्रत्येक सभासदास त्याची बाकी वाचून दाखवून सही घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी साहाय्य करावे. नंतर एक संपूर्ण हंगाम, कर्जवाटपापासून वसुलीपर्यंत, वही आणि यंत्र दोन्ही चालू ठेवावीत. यामुळे गटसचिवावर दुहेरी भार पडतो हे खरे, आणि त्याच्याकडे पुष्कळदा एकाहून अधिक संस्था असतात. संचालक मंडळाने त्यास हंगामापुरता मदतनीस द्यावा. तेवढा खर्च झेपत नसेल, तर यंदा फक्त कर्जविभाग यंत्रावर घ्यावा आणि खताचे दुकान पुढील वर्षासाठी ठेवावे.