वाहती नदी हाही आरोग्याचाच प्रश्न

वीज गेली की रुग्णालयात काय होते, हे सरकारी रुग्णालयात हयात घालवलेल्या डॉक्टरला वेगळे सांगावे लागत नाही. व्हेंटिलेटर, रक्तपेढी, लसींचे फ्रीज, सारे विजेवरच चालते. त्यामुळे वीजप्रकल्पाला विरोध करताना मी दोनदा विचार करतो. तरीही केरळमधील अथिरप्पिल्लीच्या जलविद्युत प्रकल्पाला विरोधच व्हायला हवा, असे माझे मत आहे. त्याची कारणे निसर्गप्रेमाची आहेत, तशी वैद्यकीयही आहेत.

चालकुडी नदीवरचा सुमारे 80 फुटांचा हा धबधबा पाहायला आपल्याकडूनही पर्यटक जातात. त्याच्या वरच्या अंगाला धरण बांधायचे, पाणी बोगद्यातून वळवायचे, 163 मेगावॅट वीज तयार करायची आणि ते पाणी धबधब्याच्या खाली पुन्हा नदीत सोडायचे, अशी ही योजना. त्यासाठी सुमारे 138 हेक्टर जंगल लागणार. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने 2011 मध्येच याला परवानगी देऊ नये, असे सांगितले. तरी 2020 मध्ये राज्य सरकारने पुन्हा ना-हरकत दिली. मोठा विरोध झाल्यावर विषय मागे पडला. पण मागे पडलेले प्रकल्प पुन्हा पुढे येतात, हा अनुभव आहे.

आता आरोग्याचे बोलू. पाणी वळवले की मधल्या पात्रात उन्हाळ्यात डबकी उरतात. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस हा डास नदीपात्रातल्या अशाच डबक्यांत अंडी घालतो. वाहत्या पाण्यात त्याच्या अळ्या टिकत नाहीत. प्रवाह थांबवून आपणच त्यांची सोय करतो. प्रवाह घटला की नदीत मिसळणारे सांडपाणी पुरेसे विरळ होत नाही आणि खालच्या गावांच्या पाणीयोजनांवर ताण येतो. कावीळ, हगवण, विषमज्वर यांची मुळे अनेकदा इथेच असतात.

दुसरा धोका बुडण्याचा. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की साठवलेले पाणी सोडले जाते आणि काही मिनिटांत पातळी चढते. जून 2014 मध्ये हिमाचल प्रदेशात लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीच्या काठी फोटो काढणारे हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. जिथे सहलीला आलेली कुटुंबे पाण्यात उतरतात, तिथे असा प्रकल्प आखणे म्हणजे अपघाताची तयारी करणे होय.

'मोठा नको, मग छोटा तरी करा', असे म्हटले जाते. पण 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार 25 मेगावॅटपेक्षा कमी क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच लागत नाही. म्हणजे जनसुनावणी नाही, परिणामांचा अभ्यास नाही. औषधाची मात्रा कमी आहे म्हणून रुग्णाला न तपासताच ते द्यावे, असा हा प्रकार. शिवाय एकाच नदीवर असे चार बंधारे झाले, तर त्यांची बेरीज कोण करणार?

सरसकट विरोध मात्र नको. आधीच बांधलेल्या धरणांच्या पायथ्याशी, सिंचनासाठी सोडायच्याच पाण्यावर वीज तयार करण्याचे काम महाराष्ट्रात झाले आहे, ते वाढवावे. रुग्णालयांच्या, शाळांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवावेत. मोकळ्या वाहणाऱ्या नदीवर नवा बांध घालण्याचा प्रस्ताव आलाच, तर तो लहान असो की मोठा, आरोग्यावरील परिणामांचा अभ्यास सक्तीचा करावा आणि जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांचे मत लेखी घ्यावे.

सह्याद्री केरळात संपतो आणि आपल्याकडे सुरू होतो, असे नाही. अथिरप्पिल्लीत जे मान्य होईल, तेच उद्या आपल्या घाटातल्या एखाद्या धबधब्याच्या वाट्याला येईल. साथ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा डबके होऊ न देणे स्वस्त पडते, हे आम्ही डॉक्टर रोज सांगतो. नदीलाही तेच लागू आहे.