नियंत्रक यंत्रांची मंद सुरुवात

मोटारीचा ऑटो-स्टार्टर, ठिबकाच्या झडपा उघडणारी पेटी, जमिनीची ओल मोजणारा खुंटा, हवामानाची नोंद ठेवणारें यंत्र, हीं आतां पुष्कळ बागाइतदारांच्या शेतांत दिसतात. ह्या प्रत्येकाच्या पोटांत एक लहानसा प्रोसेसर असतो. यंत्र घेतांना आपण किंमत, हमी व दुरुस्तीची सोय विचारतों. परंतु वीज मिळतांच तो प्रोसेसर कोणत्या गतीनें जागा होतो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. ती गति कारखानदारानें आधींच ठरवून ठेविलेली असते व पुष्कळदां ती काटकसरीची असते. ही काटकसर सर्वस्वी हिताची, अशी जी समजूत करून देण्यांत येते ती आम्हांस मान्य नाहीं. ती निव्वळ चूक आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं.

प्रथम मंदपणाचें कारण पाहूं. एटमेगा ३२८पी ही चिप लहान यंत्रांतून फार आढळते. तिच्या आंतील घड्याळ ८ मेगाहर्ट्झचें. परंतु ती कारखान्यांतून बाहेर पडते ती ह्या गतीला आठानें भागून, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर चालण्याच्या बेतानें. हीच चिप ४.५ व्होल्ट वा अधिक दाब मिळाल्यास २० मेगाहर्ट्झपर्यंत धांवूं शकते, १.८ व्होल्टवर मात्र ४ च्या पुढें तिचा भरंवसा नाहीं. गिऱ्हाईक तिला कोणत्या बॅटरीस जोडील हें कारखानदारास ठाऊक नसतें. तेव्हां सर्वांत दुबळ्या दाबावरही निभेल अशीच गति तो ठेवून देतो. नव्या बैलाला पहिल्याच दिवशीं जड नांगरास न जुंपण्यासारखेंच हें आहे.

शेतावर ह्याचा अनुभव पावसाळ्यांत येतो. ओल मोजणाऱ्या खुंट्याला लहानसें सौर पॅनेल व बेताची बॅटरी असते. मळभाचे चार दिवस गेले म्हणजे बॅटरी उतरते. अशा वेळीं पहांटे प्रोसेसर पूर्ण गतीनें उठला व त्याच क्षणीं रेडिओनेंही विजेचा मोठा घोट घेतला, कीं दाब खचतो. संरक्षक मंडल यंत्राला पुन्हां मुळापासून सुरू करतें. तें पुन्हां घोट घेतें व पुन्हां पडतें. हें रहाटगाडगें ऊन पडेपर्यंत चालतें आणि उरलीसुरली बॅटरी त्यांतच जाते. त्या दिवशीं ओलीचा आंकडा मिळत नाहीं. बागेला पाणी द्यावें कीं राहूं द्यावें हें मग अंदाजावर आलें. येथें मंद सुरुवातच हितकर, ह्यांत शंका नाहीं.

परंतु मंद चालणें म्हणजे वीज वांचविणें नव्हे. प्रोसेसरला लागणारी शक्ति गतीच्या प्रमाणांत व दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दाब तोच ठेवून गति निम्मी केली तर दर सेकंदाचा खर्च निम्मा होतो खरा, पण काम संपावयास वेळ दुप्पट लागतो; प्रोसेसरचा खर्च जेथल्या तेथें. मेमरी, रेडिओ व दाब सांभाळणारें मंडल मात्र तो दुप्पट वेळ जागींच राहतात. रोजंदारीचा गडी अर्ध्या हातानें कोळपूं लागला म्हणजे मालकाची मजुरी वांचत नाहीं, दुप्पट दिवसांची द्यावी लागते. गतीबरोबर दाबही उतरविला तरच कांहीं शिल्लक पडते, आणि स्वस्त यंत्रांत ती सोय पुष्कळदां नसते. (कार्डावरून वाचन होण्याची वाट पाहण्यांतच वेळ जात असेल तर गति वाढवूनही फारसें साधत नाहीं, हें खरें.)

आमची मुख्य तक्रार, हा लगाम पुढें कोणीं व केव्हां सोडावा ह्याविषयीं आहे. २०१९ सालीं निघालेला रास्पबेरी पाय ४ घ्या. त्याची खालची गति ६०० व वरची १५०० मेगाहर्ट्झ. त्यासाठीं पुरविलेल्या लिनक्सच्या गाभ्यांत ‘पॉवरसेव्ह’ हें धोरण मूळचें ठरलेलें असे, व सुरुवात होतां होतां एक लहानशी आज्ञावली तें बदलून ‘ऑनडिमांड’ करी. आतां एखाद्यानें तोच गाभा घेऊन वरची प्रणाली दुसरी बसविली, व ती आज्ञावली राहून गेली, तर यंत्र कायमचें ६०० वर रखडणार. आणि मालक म्हणणार, यंत्रच सुस्त! २०२० च्या लिनक्स ५.९ पासून हें धोरण सुरुवातीच्या आज्ञेंतच लिहितां येऊं लागलें, ही चांगली सोय झाली. नांवावर मात्र जाऊं नये. इंटेलच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्यें ‘पॉवरसेव्ह’ ह्याच नांवाचें धोरण कामाप्रमाणें गति वाढवितें.

पुरवठ्याची परीक्षा होईपर्यंत यंत्रानें मंद राहावें, दाब पुरेसा दिसतांच पूर्ण गति घ्यावी, काम उरकावें व झोपीं जावें, असें आमचें मत आहे. ही व्यवस्था कारखानदारानेंच करून माहितीपत्रकांत छापून द्यावी. सुरुवातीची गति किती, ती कोण वाढवितो, व किती व्होल्टखालीं यंत्र पुन्हां मुळापासून उठतें. एकट्या गिऱ्हाइकास विक्रेता दाद देत नाहीं, करितां गांवच्या पांचदहा बागाइतदारांनीं मिळून हें मागावें. तोंपर्यंत यंत्र घेण्यापूर्वीं तें एक रात्र उतरलेल्या बॅटरीवर ठेवावें, पहांटे बंद करून पुन्हां सुरू करावें, व पहिली नोंद येण्यास किती सेकंद लागले हें घड्याळावर पाहावें. असें तीनदां करावें. त्यांत एकदां जरी तें मध्येंच पडून पुन्हां उठलें तरी परत करावें.