तयार मॉडेल नको, मोजपट्टी हवी

शिक्षक मित्रांनो, विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की वडगाव निंबाळकरचे पालकही बारामतीला जाऊन तयार मॉडेल आणतात. त्यावर दिवे लागतात, बक्षीसही मिळतं. पण "बाळा, हे मूळ वस्तूच्या किती पट लहान आहे?" असं विचारलं की मूल गप्प. माझं स्पष्ट मत आहे : प्रमाण नाही ते खेळणं, प्रतिकृती नव्हे.

एक उदाहरण देतो. बारामतीच्या विमानतळावरची प्रशिक्षणाची विमानं आपल्या मुलांना नवी नाहीत. पण हायड्रोजनच्या जोरावर तरंगणारी प्रवासी एअरशिप त्यांनी पाहिलेली नाही. आर-101 हे असंच ब्रिटिश जहाज. 4 ऑक्टोबर 1930 रोजी ते इंग्लंडहून कराचीकडे निघालं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे त्याच्यासाठी प्रचंड हँगरही बांधून तयार होतं. जहाज मात्र पोचलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून ते पेटलं. 54 पैकी 48 जण गेले.

या जहाजाची लांबी सुमारे 237 मीटर. 1:500 प्रमाण घेतलं तर पुठ्ठ्याची प्रतिकृती 47 सेंटिमीटरची होते. त्याच प्रमाणात आपली एस.टी. जेमतेम दोन सेंटिमीटर! दोन्ही शेजारी ठेवा, जहाज केवढं होतं ते सांगावं लागत नाही.

आता मुलं विचारणारच, "सर, यात गॅस भरला तर उडेल का?" उत्तर लगेच देऊ नका, गणित करायला लावा. लांबी 500 पट घटली, पण घनफळ 500 × 500 × 500, म्हणजे साडेबारा कोटी पट घटलं. मूळ जहाजात सुमारे 1 लाख 56 हजार घनमीटर गॅस मावायचा, आपल्या प्रतिकृतीत फक्त सव्वा लिटर. तेवढा हायड्रोजन जेमतेम दीड ग्रॅम उचलतो. एका ए-फोर कागदाचंच वजन पाच ग्रॅम! म्हणून एअरशिप एवढी अवाढव्य लागायची. (हायड्रोजन वर्गात आणायचा नाही, गणितच पुरे.)

आणखी एक गोष्ट. आर-101 पुरेसं वजन उचलत नव्हतं, म्हणून ते मधोमध कापून लांब केलं होतं. मुलांनाही आधी आखूड प्रतिकृती करू द्या, मग जोड द्यायला लावा.

अपयशी यंत्राची प्रतिकृती कशाला, असं कोणी म्हणेल. पण कुठे चुकलं हे विचारायची सवय तिथेच लागते. म्हणून परीक्षकांनीही गुण देताना दिवे मोजू नयेत, मुलाच्या हातातली मोजपट्टी पाहावी.