फिल्टर स्वस्त, पण नट निघेना! ई२० पेट्रोल आणि जुन्या गाड्यांचं नेमकं प्रकरण काय?

बदलापूर पूर्वेच्या खरवईपासून उल्हासनगरपर्यंत 'एमएच ०५' पाटीच्या दहा-पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल कार आजही रोज रस्त्यावर धावतात. अशी कार चढावर दम सोडू लागली, झटके खाऊ लागली की हल्ली पहिलं बोट ई२० पेट्रोलकडे जातं. सोशल मीडियावर तर निकालही लागलेला असतो. गॅरेजमध्ये मात्र मेकॅनिक आधी दुसरीकडे बघतो: फ्युएल फिल्टर शेवटचा कधी बदलला होता?

अनेक मालकांना ते आठवत नाही. फिल्टर बदलायला घेतला, तर गंजलेला नट जागचा हलत नाही.

ई२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची विक्री निवडक पंपांवर सुरू झाली. २०३० चं उद्दिष्ट सरकारने आधीच अलीकडे आणलं होतं, ते २०२५ मध्ये गाठलं गेलं. ई२० ला चालतील असे भाग असलेल्या गाड्या मात्र एप्रिल २०२३ पासूनच्या. म्हणजे त्याआधी घेतलेल्या गाडीच्या मालकाला पंपावर निवडीला फारसा वावच उरला नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपांवर ठळक माहिती द्यावी, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

मायलेज कमी होतं ही तक्रार खोटी नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. झटक्यांचं कारण मात्र वेगळं असू शकतं.

आतून चोंदतो, बाहेरून गंजतो

जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं चिकट थर आणि गंजाचा चुरा साचलेला असतो. इथेनॉल चांगलं द्रावक असल्यामुळे हा थर सुटू लागतो आणि पुढे फिल्टरमध्ये अडकतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये मिसळून जातं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. बरेच दिवस उभ्या असलेल्या, अर्धी टाकी रिकामी असलेल्या गाडीत हा धोका जास्त.

बाहेरच्या गंजाचा दोष मात्र ई२० वर टाकता येत नाही. इंजेक्शन असलेल्या अनेक जुन्या कारमध्ये फिल्टर म्हणजे गाडीखाली, टाकीजवळ बसवलेला लोखंडी डबा. चार महिने पाऊस, खड्ड्यातलं पाणी आणि चाकांनी उडवलेला चिखल तो झेलतो. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती, त्याच उल्हास नदीचं पाणी बदलापूरच्या सखल वस्त्यांत शिरलं होतं. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी पुढे सेकंडहँड बाजारात आली, तर नवा मालक गाडीखाली वाकून बघतोच असं नाही.

मग खर्च कुठे वाढतो?

काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, पण ते स्वस्त असतात आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतात, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. कागदावर ते पटतं. पण जुन्या गाडीत बिल वाढतं ते मजुरीमुळे. नट गंजून बसला आणि जोर लावताना त्याच्या कडा गोल झाल्या, किंवा त्याच्यासोबत पाइपच पिळला गेला, की फिल्टरबरोबर पेट्रोलची लाइनही बदलावी लागते.

म्हणून चांगला मेकॅनिक घाई करत नाही. इंजिन बंद असलं तरी लाइनमध्ये दाब उरतो. त्यामुळे तो आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडतो. नटावर गंज सोडवणारं तेल मारून काही तास, जमलं तर रात्रभर थांबतो. खोलताना एका पान्याने फिल्टर धरायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर पाइप पिळतो. इतर गंजलेले नट गॅसच्या ज्योतीने तापवतात. इथे ते अजिबात करायचं नाही, कारण हाताशी पेट्रोल आहे. नवा फिल्टर बसवताना त्यावरचा बाण इंजिनच्या दिशेने हवा. जिथे वॉशर असतात तिथे ते नवेच टाकायचे, आणि गाडी सुरू करून थेंब गळतोय का ते पाहायचं.

हे सगळ्यांना लागू नाही. अनेक नव्या कारमध्ये फिल्टर टाकीच्या आत पंपासोबतच असतो. बऱ्याच जुन्या कार्बोरेटरवाल्या दुचाकींचा फिल्टर म्हणजे नळीतली छोटी प्लॅस्टिकची डबी, ती काही मिनिटांत बदलते. सीएनजीवर धावणाऱ्या रिक्षांना या वादाची झळ फारशी नाही.

२० वर्षं उलटलेल्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये झालं. रिपासिंग जवळ आलेल्या मालकांनी ते पैसे भरण्याआधी गाडी एकदा वर चढवून फिल्टर आणि लाइन बघून घ्यावी. लाइन सडलेली निघाली, तर गाडी ठेवायची की विकायची हा हिशोबच बदलतो.