जुन्या लॅपटॉपची मुदत कोणी ठरवायची?

मायक्रोसॉफ्टने २०१५ साली बाजारात आणलेल्या 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने लॅपटॉप त्या दिवशी बंद पडले नाहीत. मात्र नव्याने आढळणाऱ्या त्रुटींवर आपोआप मिळणारी दुरुस्ती थांबली. 'विंडोज ११' बसवणे हा सरळ उपाय वाटतो. परंतु त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप या चाळणीतून गळतात. अट चुकवून नवी प्रणाली बसवता येते. पण पुढील अपडेटची हमी कंपनी देत नाही. घरगुती ग्राहकांसाठी २०२४ साली वर्षभराची वाढीव मुदत जाहीर झाली, तोही तात्पुरताच दिलासा.

तेव्हा निर्णय कामावरून करावा. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, ते संरक्षणाविना वापरणे परवडणारे नाही. वाचन, पत्रलेखन एवढेच काम असेल तर मोफत लिनक्सचा पर्याय उपलब्ध आहे. मराठी टंकलेखनही त्यावर उत्तम होते. कोणताही बदल करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवणे श्रेयस्कर. धडधाकट यंत्र केवळ अटीपायी भंगारात जाणार असेल, तर त्या अटीचा भुर्दंड अखेर ग्राहकाच्याच खिशावर पडतो.